डार्क थीम बनवताय? आधी कमेंटचा रंग ठरवा

मागच्या उन्हाळ्यात मी कोड एडिटरसाठी पहिली डार्क थीम बनवली, बॅकग्राउंड ठार काळं, अक्षरं पांढरीशुभ्र, आणि ताईला दाखवली. ती झोपाळ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "अरे, अक्षरांना मिशा फुटल्यात." तिच्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे. स्क्रीन काळी असली की डोळ्याची बाहुली मोठी होते, मग नंबरचा दोष जास्त जाणवतो आणि पांढरं अक्षर कडेनं पसरल्यासारखं दिसतं. असा नंबर खूप जणांना असतो, म्हणून ठार काळं नकोच.

बॅकग्राउंडला आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे ३० ठेवा, साध्या टेक्स्टला तिन्ही २१२. कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातला फरक, साधारण ११ येतो (काळ्यावर पांढरं म्हणजे २१), वाचायला छान आणि डोळ्यात घुसत नाही. थोडी निळसर झाक हवी तर निळ्याचा आकडा पाच-सहानं वाढवा, बस.

आता कमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. बऱ्याच थीममध्ये कमेंट इतक्या फिक्या असतात की जणू त्या वाचायच्याच नसतात, आणि हे मला मनापासून पटत नाही, कारण तो कोड असा का लिहिला हे तिथेच लिहिलेलं असतं. आमच्याकडे इंदूरला मित्रांच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही कमेंट मराठीत लिहितो. देवनागरीत एका टिंबानं 'खत'चं 'खंत' होतं, ते टिंब १४ साइझच्या फॉन्टमध्ये किती बारीक असतं ते झूम न करता एकदा बघा. बॅकग्राउंड ३० आणि कमेंट ९० ठेवली तर कॉन्ट्रास्ट फक्त २.४ येतो, टिंब गेलंच समजा. १४० ठेवा, ५ च्या जवळ जातो. साध्या टेक्स्टला कमीत कमी ४.५ हवा असं डब्ल्यूसीएजीचं (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून केलेले नियम) मापच आहे. आणि कमेंटला इटॅलिक लावू नका, देवनागरी फॉन्टला बहुतेक वेळा खरं इटॅलिक नसतंच, एडिटर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो आणि मात्रा एकमेकींवर चढतात.

मग रंग. इथे एचएसएल (ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे गडदपणा, लाइटनेस म्हणजे उजळपणा असे तीन आकडे देऊन रंग सांगायची पद्धत) फसवतं. त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांची लाइटनेस ५०, पण आपल्या ३० च्या बॅकग्राउंडवर पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १५ च्या वर आणि निळ्याचा २ सुद्धा नाही! म्हणून ओकेएलसीएच या दुसऱ्या पद्धतीत रंग निवडा, तिथे लाइटनेस डोळ्याला दिसते त्याच्या बरीच जवळ असते. सगळ्या रंगांची लाइटनेस जवळजवळ सारखी ठेवायची आणि फक्त ह्यू फिरवायचा. रंग पाच-सहाच घ्या: कीवर्ड, स्ट्रिंग, फंक्शन, टाइप, नंबर. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) येते तेव्हा शेजारचा माणूस ओळखू येत नाही, सगळ्यालाच रंग दिला तर कोडचंही तेच होतं. साधं व्हेरिएबल साध्या टेक्स्टच्याच रंगात राहू दे. लाल फक्त एररला.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये लगेच नवीन एक्स्टेंशन बनवू नका. सेटिंग्जच्या जेसनमध्ये वर्कबेंचचे (एडिटरची खिडकी) आणि टोकनचे (कोडमधले शब्द) कलर कस्टमायझेशन असतात, तिथेच आठवडाभर खेळा. कुठल्या शब्दाला कुठला नियम लागतोय कळत नसेल तर कंट्रोल शिफ्ट पी दाबून 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' चालवा, कर्सर ठेवला की स्कोपचं, म्हणजे त्या शब्दाच्या प्रकाराचं, नाव समोर. पसंत पडलं की तिथूनच 'जनरेट कलर थीम फ्रॉम करंट सेटिंग्ज', पूर्ण फाइल तयार मिळते.

सर्चचे हायलाइट अर्धपारदर्शक ठेवा, म्हणजे रंगाच्या हेक्स कोडला शेवटी पारदर्शकतेची अजून दोन अक्षरं, नाहीतर खालचं सिलेक्शन झाकलं जातं.

शेवटी दोन टेस्ट. विंडोजच्या कलर फिल्टरमध्ये ग्रेस्केल लावा आणि कमेंट वाचून बघा, लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्यांसाठी एरर नुसती लाल नाही तर अधोरेखितही हवी. दुसरी, मे महिन्यात दुपारी एकला खिडकीपाशी बसा, पडदा उघडा. रात्री सुंदर दिसणारी माझी थीम तिथे वाचताच येत नव्हती, कमेंट १४० वरून १५० केली तेव्हा ताई पडदा न ओढता काम करायला लागली.