आईला 'घरी' जायचं असतं तेव्हा

आईने सांभार (कोथिंबीर) निवडताना पानं कचऱ्यात टाकली अन देठं डब्यात भरून ठेवली, तेव्हा माझ्या डोक्यात टूब पेटली. त्याआधी वर्षभर 'वय झालं' म्हणून सोडून देत होतो, एका डॉक्टरनी तर दोन मिनिटांत टॉनिक लिहून कटवलं होतं.

मग नागपुरात धंतोलीत न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं, त्यांनी आधी बी-१२, थायरॉईड अन एमआरआय करायला लावलं कारण बी-१२ किंवा थायरॉईडच्या गडबडीनेही विसरायला होतं अन ते इलाजाने सुधारू शकतं. आईचं मात्र अल्झायमर निघालं. गोळी सुरू आहे, त्याने आजार जात नाही, थोडं सावरतं फक्त.

पण घरी वागायचं कसं हे कोणी सांगत नव्हतं. शेवटी १४५६७ लावला, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, फुकट आहे. तिकडच्या ताई म्हणाल्या, दादा, वाद घालू नका.

संध्याकाळ झाली की आई दाराशी, 'महालात घरी जायचंय.' महाल म्हणजे जुनं नागपूर, अन आम्ही राहतो मनीषनगरात. आधी मी 'अगं हेच तुझं घर' म्हणून ओरडायचो, ती रडायची. आता चप्पल घालून 'चल' म्हणतो, कॉलनीत एक चक्कर मारतो, परत फाटकाशी आलो की तीच म्हणते, 'आलं बाई घर.'