फुगवलेल्या ट्यूबवर बसून नदीतून वाहत जाताना

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा आणि कुणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. साधी चप्पल नको, ती पहिल्याच धारेत जाते. ट्यूब एकमेकींना दोरीने बांधू नका.

पडलात तर उभं राहायची घाई नको. पाऊल दगडांच्या फटीत अडकतं आणि मागचा प्रवाह माणसाला पालथा पाडतो. उताणे व्हा, पावलं प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा, हातांनी तिरकं वल्हवत काठ गाठा. पाणी गुडघ्याखाली आल्यावरच उठा.

आडवं पडलेलं झाड सर्वांत घातक: पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस तिथेच दाबला जातो. लांबूनच बाजूला व्हा. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरतं, जॅकेटवाल्यालाही आत ओढतं. बरंच आधी उतरा, ट्यूब उचलून काठाने चालत पुढे जा.