तालुक्याचे सामाईक सुका कचरा केंद्र घनकचरा शुल्कातून कसे उभे करावे आणि चालते ठेवावे

दीड-दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीत घंटागाडी नियमित फिरली तरी दिवसाला जेमतेम शे-सव्वाशे किलो सुका कचरा जमतो. तेवढ्यासाठी गठ्ठे बांधणारे यंत्र, वजनकाटा, पक्के छप्पर आणि पगारी कामगार हा खर्च कोणत्याही एका ग्रामपंचायतीला पेलत नाही. शेजारच्या नगरपरिषदेकडे जागा आणि कर्मचारी असतात, पण तिची हद्द संपते तेथे तिची गाडी थांबते आणि वेशीबाहेरच्या ओढ्यात साचलेले प्लॅस्टिक कोणाचेच राहत नाही. नगरपरिषदेने आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी मिळून एकच केंद्र चालवले, तर माल पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या कारखान्याला पूर्ण ट्रक भरून देता येतो आणि सुट्या भंगारापेक्षा गठ्ठ्यांच्या मालाला भावही बरा येतो. अशा केंद्राचा रोजचा खर्च घनकचरा शुल्कातून कसा भागवावा, हे येथे नगरसेवक, सरपंच, मुख्याधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि जागरूक नागरिक यांच्यासाठी मांडले आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कचऱ्यातून सोने’ अशा घोषणांमुळे केंद्र स्वतःच्या विक्रीवर चालेल, अशी अपेक्षा सभागृहात धरली जाते, आणि त्या अपेक्षेवर उभारलेली शेड अनेक ठिकाणी काही महिन्यांत कुलूपबंद होते. उभारणीला पैसा मिळणे आता तितके अवघड नाही. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) टप्पा 2 मध्ये प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनासाठी तालुक्यामागे 16 लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या शहरी अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांना घनकचऱ्याच्या प्रकल्पांसाठी केंद्राचा निम्मा वाटा ठेवला होता. मात्र अनुदानातून यंत्र येते, यंत्र चालवणाऱ्या बाईचा पगार येत नाही. त्या पगारासाठी दर महिन्याला पैसा देणारा एकच झरा म्हणजे शुल्क, आणि म्हणून शुल्काचा हिशेब इमारतीच्या आराखड्याच्या आधी झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कायद्याचा आधार

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक संस्थेच्या उपविधींत ठरवलेले शुल्क भरावे, असे स्पष्ट केले. संकलन, वाहतूक, प्रक्रिया आणि विल्हेवाट या सेवांचा पूर्ण किंवा अंशतः खर्च भागवण्यासाठी लावलेली आकारणी, अशी शुल्काची व्याख्याही त्याच नियमांनी दिली. कचरावेचकांना पुनर्चक्रीकरणयोग्य माल वेगळा करता यावा अशी पुरेशा जागेची केंद्रे उभारणे, हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य त्यांनीच ठरवले. नियमांची सुधारणा होत राहते, त्यामुळे ठरावाच्या मसुद्यात त्या दिवशी लागू असलेल्या तरतुदीचाच उल्लेख करावा आणि तो विधी सल्लागाराकडून तपासून घ्यावा.

शुल्क आणि कर यांतला फरक मसुदा लिहिणाऱ्याने सतत लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून हा भेद मांडला आहे. कराचा पैसा सर्वसाधारण निधीत जाऊ शकतो, पण शुल्काचा संबंध ते देणाऱ्याला मिळणाऱ्या सेवेशी जोडलेला असावा लागतो. घनकचरा शुल्काची रक्कम पथदिव्यांच्या बिलासाठी किंवा रखडलेल्या वेतनासाठी वळवली, तर आकारणीचा पायाच कमकुवत होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून केंद्राचे स्वतंत्र बँक खाते आणि स्वतंत्र लेखाशीर्ष असावे.

दोन वेगळ्या प्रकारच्या स्थानिक संस्था एकत्र येणार असल्याने त्यांच्यात लेखी करारनामा लागतो. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचा ग्रामसभेत वाचून मंजूर केलेला ठराव, असे दोन्ही असल्याशिवाय कामाला हात लावू नये. नगरपालिका आणि पंचायती यांच्या सामाईक हिताच्या बाबी विचारात घेणे हे संविधानाच्या अनुच्छेद 243 य घ नुसार जिल्हा नियोजन समितीचे काम आहे. प्रस्ताव तेथे वेळीच मांडला, तर जागा आणि रस्ता यांसाठीही पाठबळ मिळू शकते. जागेच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच जावे, कारण प्रक्रियेसाठी योग्य जमीन शोधून देण्याची जबाबदारी 2016 च्या नियमांनी त्यांच्यावर टाकली होती.

दर कसा काढावा

दर शेजारच्या शहराकडून उसना घेऊ नये. आपल्या घरांच्या संख्येवरून आणि आपल्या कचऱ्याच्या वजनावरून तो काढावा लागतो. त्यासाठी किमान पंधरवडाभर प्रत्येक गाडीचे वजन करावे, आणि त्या पंधरवड्यात एक आठवडी बाजार आणि शक्य असल्यास एक सण येईल असे पाहावे. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे कोणत्याही गावाचे नाहीत आणि ते जसेच्या तसे उचलू नयेत.

नगरपरिषदेत 8,000 घरे आणि बारा ग्रामपंचायतींत मिळून 4,000 घरे, अशी एकूण 12,000 घरे आहेत असे धरू. घरामागे रोज 200 ग्रॅम सुका कचरा केंद्रात पोचला, तर दिवसाला 2.4 टन आणि महिन्याला 72 टन होतो. वर्गीकरणाला आणि गठ्ठे बांधायला चौदा कामगार लागतील असे मानून, भविष्यनिर्वाह निधीसह प्रत्येकी 18,000 रुपये धरले, तर 2,52,000 रुपये होतात. पर्यवेक्षकाचे 30,000, वीज व दुरुस्तीचे 40,000, यंत्रे दहा वर्षांनी बदलता यावीत म्हणून बाजूला ठेवायचे 25,000, आणि हातमोजे, बूट, विमा व किरकोळ खर्चाचे 20,600 रुपये त्यात मिळवू. वर्गीकरणानंतर 30 टक्के माल निरुपयोगी निघाला, तर त्या 21.6 टनांना सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवायला टनामागे 1,500 रुपयांप्रमाणे 32,400 रुपये लागतील. सर्व मिळून महिन्याचा खर्च बरोबर 4,00,000 रुपये होतो.

आता विक्री पाहू. 72 टनांपैकी 40 टक्के, म्हणजे 28.8 टन पुठ्ठा, कागद, पेयाच्या बाटल्या, जाड प्लॅस्टिक आणि धातू चांगल्या भावाने जाईल. काच, चिंध्या, पातळ पिशव्या असा उरलेला माल बहुधा ‘फुकट उचलून न्या’ या बोलीवरच जातो. विकाऊ मालाला सरासरी किलोमागे 7 रुपये मिळाले, तर 2,01,600 रुपये येतील. भंगाराचा भाव मात्र आंतरराष्ट्रीय बाजाराबरोबर वर-खाली होतो. तो पाचव्या हिश्शाने पडेल असे धरून अंदाजपत्रकात 1,61,280 रुपयेच लिहावेत. तूट 2,38,720 रुपयांची राहते, आणि ती 12,000 घरांवर वाटली की घरामागे महिन्याला 20 रुपये येतात.

येथे थांबणे ही नेहमीची चूक असते. सगळी घरे कधीच पैसे भरत नाहीत. वसुली 80 टक्के होईल असे प्रामाणिकपणे धरले, तर भरणाऱ्या घराकडून 25 रुपये घ्यावे लागतात. हे 25 रुपये फक्त केंद्राचे आहेत. घंटागाडी, तिचा चालक, डिझेल आणि ओल्या कचऱ्याचे खत यांचा खर्च त्याखेरीज आहे. एकूण दर सभेपुढे ठेवताना हे दोन भाग वेगळे छापावेत, म्हणजे सामाईक केंद्रामुळे नेमका किती भार वाढला हे नागरिकाला कळते आणि विरोध असला तरी तो नेमक्या रकमेवर होतो.

संस्थांमध्ये वाटणी

सामाईक केंद्रे बहुतेक याच टप्प्यावर मोडतात, म्हणून यावर अधिक वेळ द्यावा. प्रथमदर्शनी न्याय्य वाटते ती वजनावरची आकारणी: ज्याचा कचरा जास्त, त्याने जास्त भरावे. पण सुक्या कचऱ्याच्या बाबतीत ही रीत घातक ठरते. टनामागे पैसे भरायचे असतील, तर हात आखडलेल्या ग्रामपंचायतीला कचरा पाठवण्यापेक्षा रात्री गायरानात पेटवून देणे स्वस्त पडते, आणि जी ग्रामपंचायत मनापासून दारोदार वर्गीकरण करवून घेते तिलाच सर्वांत मोठे बिल येते.

त्यापेक्षा अंशदान घरांच्या संख्येवर ठेवावे आणि ते वसुलीवर अवलंबून नसावे. वरच्या उदाहरणात 600 घरांच्या ग्रामपंचायतीने महिन्याला 12,000 रुपये केंद्राच्या खात्यात जमा करायचे, मग तिची वसुली कितीही असो. तिने 25 रुपये दराने 480 घरांकडून वसुली केली तरी ती रक्कम भरून निघते, आणि त्याहून अधिक वसुली झाली तर जादा पैसा तिच्या स्वतःच्या घंटागाडीसाठी राहतो. वसुली वाढवण्याचे कारण अशा रीतीने प्रत्येक संस्थेच्या हातात येते.

वजनाचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी करावा. गाडी रिकामी झाली की निरुपयोगी भागाचा अंदाज घेण्यासाठी ठरावीक दिवशी प्रत्येक संस्थेच्या एका गाडीचे संपूर्ण वर्गीकरण करून वजन घ्यावे. 30 टक्क्यांपर्यंतचा निरुपयोगी माल अंशदानात धरलेला आहे. त्यापुढे ओला कचरा, माती किंवा राडारोडा मिसळून आला, तर त्या जादा वजनाची आकारणी पाठवणाऱ्या संस्थेवर करावी. स्वच्छ माल पाठवणाऱ्याला त्यातून दंड होत नाही. या मोजणीला संबंधित संस्थेचा प्रतिनिधी हजर असावा आणि नोंदवहीवर त्याची सही असावी, नाहीतर प्रत्येक बिलावर वाद होतो.

वसुली कोणी आणि कशी करावी

घरपट्टीच्या बिलात वेगळी ओळ घालून वर्षाचे शुल्क एकदम घेणे हा सोपा मार्ग आहे. त्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि ग्रामपंचायतीत दिवाबत्ती व आरोग्य कराबरोबर लोकांना अशा बिलाची सवय आहे. पण भाडेकरूचे शुल्क घरमालक भरतो, आणि वर्षाखेरीपर्यंत पैसा हाती येत नाही, त्यामुळे केंद्राला पहिल्या वर्षी किमान तीन महिन्यांच्या खर्चाइतका खेळता निधी आधीच लागतो. तो वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठी बांधील असलेल्या अनुदानातून, त्यावेळच्या सूचनांत बसत असेल तर, उभा करता येतो.

दुसरा मार्ग पुण्याचा आहे. तेथे कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 साली महापालिकेशी करार केला आणि तिचे सभासद घरोघरी कचरा घेऊन शुल्कही थेट त्या घरांकडून घेऊ लागले. सेवा देणारी व्यक्ती आणि पैसे घेणारी व्यक्ती एकच असल्याने हयगय झाली तर नागरिक लगेच बोलतो आणि काम नीट झाले तर पैसे सहज देतो. लहान शहरात या पद्धतीचा एक पैलू तरी स्वीकारावाच: आजवर उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांना केंद्रात पहिली संधी द्यावी. मालाची पारख त्यांना आहे. त्यांना वगळले तर चांगला माल वाटेतच उचलला जाईल आणि केंद्राकडे फक्त उरलेसुरले येईल. त्यांच्या पोटावर पाय देऊन उभे राहिलेले केंद्र तोट्यातही जाते आणि अन्यायही करते.

हॉटेले, मंगल कार्यालये, दुकाने आणि रुग्णालये यांचा दर घरांपेक्षा वेगळा आणि जास्त असावा. गरीब वस्त्यांतील घरांसाठी सवलतीचा दर ठेवता येतो, मात्र सवलतीची रक्कम नगरपरिषदेने आपल्या निधीतून केंद्राला भरून द्यावी. इतर घरांच्या दरात ती लपवू नये.

विक्री आणि नोंदी

वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण करून तो विकण्याची आणि जुन्या कचराभूमीच्या जागी उद्यान करण्याची वाट दाखवली. तेथून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वर्गीकरणाची शिस्त दारापासून सुरू होते. ओल्या कचऱ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला केंद्रात कोणतेही यंत्र किंमत मिळवून देत नाही. पुनर्चक्रीकरण न होणाऱ्या मालासाठी गोव्याने गठ्ठे बांधून ते कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे पाठवण्याचा मार्ग धरला. चंद्रपूर जिल्ह्यातील केंद्रांना सिमेंट कारखाने जवळ आहेत, कोकणाला ते दूर आहेत, म्हणून वाहतुकीचा आकडा प्रत्येकाने स्वतः काढावा.

प्लॅस्टिकच्या वेष्टनांबाबत उत्पादकांवर जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी 2022 मध्ये आली. त्यांनुसार प्लॅस्टिकवर प्रक्रिया झाल्याची, उत्पादकांना लागणारी प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रियाकार देतो, आपले केंद्र देत नाही. तरीही माल अशा नोंदणीकृत प्रक्रियाकारालाच, वजनपावती आणि बिलासह विकावा, कारण कागदपत्रे नीट असतील तर वेफरच्या पाकिटांसारख्या एरवी कोणी न घेणाऱ्या मालालाही वाहतुकीपुरता पैसा मागता येतो.

दर महिन्याचा जमाखर्च, आलेले वजन, विकलेले वजन आणि थकीत अंशदान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. दराचा फेरविचार दर दोन वर्षांनी, मजुरी आणि डिझेल यांच्या बदलत्या दरांनुसार, करारातच ठरवून ठेवलेल्या सूत्राने व्हावा, म्हणजे प्रत्येक वेळी निवडणुकीची सावली त्यावर पडत नाही. भाव चढले आणि विक्रीतून शिल्लक राहिली, तर ती सदस्य संस्थांना परत वाटू नये, सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी होईपर्यंत खात्यातच ठेवावी. बाहेर पडू पाहणाऱ्या संस्थेने एक पूर्ण आर्थिक वर्ष आधी लेखी सूचना द्यावी, त्या वर्षाचे अंशदान भरावे आणि यंत्रांवर हक्क सांगू नये, हे कलम करारनाम्यावर सह्या होण्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.