आठवड्याचा मेनू बुधवारीच कोलमडतो? या चुका टाळा

रविवारी हौसेने सात दिवसांच्या भाज्या कागदावर उतरतात आणि बुधवारी पुन्हा ‘आज काय करायचं?’ सुरू होतं. याला आळस कारणीभूत नसतो. यादीच अर्धी असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं पदार्थाचं नाव लिहिणं. ‘बुधवार: मटकीची उसळ’ एवढ्याने उसळ होत नाही. मटकी सोमवारी रात्री भिजत पडली, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, तर बुधवारी डब्याच्या वेळेला मोड हाताशी येतात. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा रविवारीच भिजवा. म्हणजे ‘सोमवार रात्र: मटकी भिजवणे’ ही ओळ उसळीच्या ओळीआधी यायला हवी. छोले, डोशाचं पीठ, उपासाचा साबुदाणा, सगळ्यांचं तेच. यादी करताना कॅलेंडरही समोर घ्या, नाहीतर आणलेली मासळी संकष्टीला तशीच पडून राहते.

भाज्यांचा क्रम आवडीवर नको, टिकण्यावर लावा. मेथी, शेपू पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी, गवार, वांगी. कोबी आणि लाल भोपळा शेवटी. तरीही मेथी सडत असेल, तर ती बहुतेक धुऊन ठेवलेली असते. निवडून, कोरडीच सुती फडक्यात गुंडाळा आणि चिरायच्या आधी धुवा.

वाटण आंबतंय? कांदा कच्चट राहिला असेल किंवा वाटताना पाणी जास्त पडलं असेल. कांदा-खोबरं खरपूस भाजा आणि छोट्या डब्यांत फ्रीजरला टाका.

नवी रेसिपी आठवड्यात एकच पुरे, आणि तीही सवडीच्या दिवशी. व्हिडिओतला कप बहुधा 240 मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी त्याहून लहान. सगळं त्याच वाटीने मोजलं तर बिघडत नाही. पण ढोकळ्यात बेसन वाटीने आणि सोडा व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे चमच्याने पडतो, मग सोडा जास्त होऊन हळदीचे लाल ठिपके उठतात. तेव्हा एकदा मापाचा कप घ्याच.

आणि सातही रात्री भरू नका. शनिवार कोरा ठेवा. उरलेल्या वरणाची वरणफळं होतात, भाताला फोडणी देता येते. फक्त तो भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका, जेवणं आटोपली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा.