परदेशात शिफ्ट होताना कुत्र्याला कसं न्यायचं: केबिन, बॅगेज की कार्गो

ऑफर लेटर आलं, व्हिसा आला, घरच्या सगळ्यांची तिकिटं निघाली आणि मग "अरे, कुत्र्याचं काय करायचं", या क्रमाने मला ज्यांनी ज्यांनी फोन केलाय त्या प्रत्येकाला मी पहिलं हेच विचारलंय की तिकीट रद्द करता येतंय का. कारण कुत्रा बरोबर असेल तर आधी देश, मग कुत्र्याची मापं, मग विमान आणि सगळ्यात शेवटी तुमची सीट. मी माझे दोन नेले, भैरू नावाचा कारवानी (आपल्याकडचा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा) आणि चिंगी नावाची देशी, आणि त्यानंतर मित्रमंडळींचे सात-आठ जण इथून, पुण्यातून, पाठवायला मदत केली. तेवढ्यात जे कळलं ते लिहितोय. लस, भूक, जंत, नखं वगैरे तुम्ही बघताच हे गृहीत धरतो.

पहिलं काम, ज्या देशात जायचंय त्याचे नियम त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. युरोपियन युनियनसाठी १५ आकडी आयएसओ मायक्रोचिप, चिपनंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून टायटर टेस्ट, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का त्याची तपासणी, आकडा ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त, तोही त्यांनी मान्यता दिलेल्या लॅबमधून, आणि रक्त काढल्या तारखेपासून पूर्ण ३ महिने थांबायचं. म्हणजे आज चिप बसवली तर साधारण चार महिन्यांनी विमान. यात शॉर्टकट नाही, कुणी एजंट "करून देतो" म्हणाला तर उठून या. क्रम चुकला, म्हणजे आधी लस आणि मग चिप, तर ती लस धरतच नाहीत, परत टोचावी लागते आणि घड्याळ परत शून्यापासून. आपल्याकडे बऱ्याच कुत्र्यांना दरवर्षी लस असते पण चिप नसते, त्यामुळे हे हमखास होतं. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि चिप नंबर तिन्ही आहेत ना ते दवाखान्यातून निघायच्या आधी बघा. आणि एक चांगली गोष्ट, युरोपसाठी ही टेस्ट एकदा पास झाली आणि पुढचा प्रत्येक बूस्टर वेळेत दिला तर ती पुन्हा करावी लागत नाही. म्हणून परदेशाचा नुसता विचार जरी चालू असेल तरी चिप आणि टायटर आत्ताच उरकून टाका, नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत आणि भारत त्यांच्या रेबीज-जोखमीच्या यादीत आहे. कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, चिप हवी, सरकारी व्हेटची सही असलेला लसीचा फॉर्म हवा, आणि सीडीसीकडे, म्हणजे त्यांच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेकडे, नोंद असलेल्या ॲनिमल केअर सेंटरमध्ये आधी बुकिंग हवं. ही सेंटरं ठराविक विमानतळांवरच आहेत, जेएफके, लॉस एंजेलिस, अटलांटा, मायामी वगैरे, आणि भारतात लस घेतलेला कुत्रा तिथेच उतरू शकतो. मी शेवटचं बघितलं तेव्हा सॅन फ्रान्सिस्को त्यात नव्हतं, त्यामुळे बे एरियात जाणाऱ्यांनी थेट तिकडचं तिकीट काढू नका. टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन, तुमच्या खर्चाने. कॅनडा पाळीव कुत्र्यासाठी त्यामानाने सोपा, मालक बरोबर आणि रेबीजचं सर्टिफिकेट, बस. पण २८ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक द्यायला म्हणून भारतातून कुत्रे पाठवणं त्यांनी बंद केलंय, रस्त्यावरून उचलून तिकडच्या कुणाला द्यायचा विचार असेल तर तो मार्ग नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट घेतच नाहीत, आधी मान्यताप्राप्त तिसऱ्या देशात कित्येक महिने काढावे लागतात, ऑस्ट्रेलियात त्यानंतर मेलबर्नजवळ मिकलहॅमचं क्वारंटाइन. माझं मत विचाराल तर दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याला यातून नेऊ नये. जाती पण बघा, जर्मनी पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल आणि बुल टेरियर घेत नाही, ब्रिटनच्या यादीत एक्सएल बुली पण आहे.

कागद: मुंबईच्या सरकारी ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसचं, म्हणजे एक्यूसीएसचं सर्टिफिकेट निघायच्या आदल्या आठवड्यात, पुण्यात ते ऑफिस नाही, एक दिवस मुंबईसाठी ठेवा.

आता खरा प्रश्न, केबिन, बॅगेज की कार्गो. इथेच मी फसलो होतो.

केबिनचं लवकर संपतं. लुफ्थान्सा, केएलएम, एअर फ्रान्स यांची मर्यादा पिशवीसकट ८ किलो. चिंगी साडेसहा किलोची, ती सीटखाली पिशवीत गेली आणि मुंबई ते युरोप झोपली. तुमचा बीगल अकरा किलोचा असेल तर महिनाभर उपाशी ठेवून बसवायचा प्रयत्न करू नका, हे लोक करतात म्हणून सांगतोय.

बॅगेज म्हणजे कुत्रा तुमच्याच विमानात, तुमच्याच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर), विमानाच्या पोटातल्या त्या भागात जिथे हवेचा दाब आणि तापमान प्रवाशांसारखंच राखतात. चेक-इनला द्यायचा, उतरल्यावर मोठ्या सामानाच्या काउंटरवर घ्यायचा. कार्गो म्हणजे वेगळं एअर वेबिल, म्हणजे मालाची पावती, वेगळं टर्मिनल, कस्टम्सचा क्लिअरिंग एजंट, आणि तुम्ही त्या विमानात नसलात तरी चालतं. लोकांना वाटतं कार्गो म्हणजे वाईट, बॅगेज म्हणजे माया. तसं नाहीये. विमानाच्या पोटातली जागा बहुतेक वेळा तीच असते, फरक कागदाचा, पैशाचा आणि मधल्या स्टॉपवर कोण सांभाळतं त्याचा आहे.

पैशाचा फरक आधी समजून घ्या. बॅगेजला बऱ्याच एअरलाइन्स क्रेटमागे, म्हणजे कुत्र्याच्या प्रवासाच्या पिंजऱ्यामागे, ठराविक रक्कम घेतात. कार्गोला आकारमानाचं वजन लागतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. लॅब्रॅडॉरला साधारण १०२ बाय ६९ बाय ७६ चा क्रेट लागतो, त्याचं होतं ८९ किलो. म्हणजे तुमचा लॅब २८ किलोचा असला तरी भाडं ८९ किलोचं. एजंटचा आकडा ऐकून धक्का बसायच्या आधी हा हिशोब घरी करा, मग त्याने वर किती लावलेत ते लगेच दिसतं.

भैरूच्या वेळी मी बॅगेज ठरवलं होतं, मुंबई-फ्रँकफर्ट आणि पुढे लाइपझिग. एअरलाइनच्या कॉल सेंटरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वजन विचारलं आणि "पेट अलाउड आहे सर" म्हणाले. उंची कुणीच विचारली नाही आणि मीही सांगितली नाही. कारवानी म्हणजे नुसते पाय, कान धरून भैरू ८९ सेंटिमीटर, तयार प्लास्टिकचा सगळ्यात मोठा क्रेटसुद्धा त्याला कमी पडत होता, म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणून सुताराकडून १२० बाय ७० बाय ९५ चा करून घेतला. निघायला ११ दिवस असताना सहज म्हणून क्रेटची मापं ईमेलवर पाठवली आणि उत्तर आलं, फ्रँकफर्टपर्यंत ठीक, पुढच्या लहान विमानाच्या दारातून हा क्रेट आत जाणार नाही. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. आई म्हणाली, ठेवून जा माझ्याकडे, आणि आई सत्तरीची, भैरू ओढायला लागला की मलाच दोन हात लागायचे.

नंतर कळलं की हे अगदी साधं आहे, फक्त कुणी सांगत नाही. सामानाच्या दाराची उंची विमानागणिक वेगळी असते, बोइंग ७३७ चं दार ९० सेंटिमीटरच्या आसपासच आहे, आणि मोठ्या रुंद विमानांना हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे "एअरलाइन कुत्रे घेते का" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असं की या तारखेच्या, या नंबरच्या विमानात, एवढ्या लांबी-रुंदी-उंचीचा, कुत्र्यासकट एवढ्या वजनाचा क्रेट जाईल का आणि त्या दिवशी प्राण्याची जागा शिल्लक आहे का, कारण एका उड्डाणात किती प्राणी घ्यायचे त्यालाही मर्यादा असते. उत्तर लेखी घ्या. तिकीट त्यानंतर. आणि निघायच्या ३ दिवस आधी आणि आदल्या दिवशी परत विचारा, कारण ऐनवेळी विमान बदलतात.

आम्ही शेवटी पुढचं उड्डाण सोडून दिलं. फ्रँकफर्टला उतरलो, व्हॅन भाड्याने घेतली, क्रेट मागे टाकला आणि साधारण ४०० किलोमीटर रस्त्याने गेलो, मध्ये दोनदा थांबून भैरूला चालवलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो, कुत्र्याला एकदाच उडवा. मुंबईहून थेट जिथवर मोठं विमान जातं तिथवर, आणि उरलेलं रस्त्याने किंवा रेल्वेने. स्टॉप घ्यावाच लागला तर एकाच एअरलाइनचा, एकाच पीएनआरवर, आणि फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमसारख्या ठिकाणी जिथे प्राण्यांची वेगळी व्यवस्था आहे. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडलीत तर मधल्या देशात कुत्रा अधिकृतपणे आत घ्यावा लागतो, त्या देशाचे कागद लागतात, आणि दोन तासांत ते होत नाही.

ब्रिटनचं मात्र वेगळं. तिथे विमानाने येणारा कुत्रा कार्गोनेच यावा लागतो, केबिन आणि बॅगेज दोन्ही बंद, असिस्टन्स डॉग (अपंगांना मदत करणारे प्रशिक्षित कुत्रे) सोडून. शिवाय पोहोचायच्या २४ ते १२० तास आधी टेपवर्मचं औषध व्हेटने देऊन तारीख-वेळ लिहिलेली हवी. कार्गो नको असेल तर ॲमस्टरडॅमपर्यंत बॅगेज आणि पुढे हूक ऑफ हॉलंडहून हार्विचची फेरी, किंवा पॅरिसपर्यंत आणि मग कॅलेहून गाडी घेऊन चॅनल टनेलची ट्रेन. माझ्या मावसबहिणीने फेरीचा मार्ग घेतला, दोन्हीकडचे कागद करावे लागले पण ती परत तसंच करेन म्हणते. युरोपात कार्गोने पाठवत असाल तर तुम्ही आणि कुत्रा ५ दिवसांच्या आत पोहोचा, नाहीतर तो व्यापारी माल धरतात आणि सर्टिफिकेटच वेगळं लागतं.

पग, शिट्झू, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल मी कुणाचं मन राखत नाही. त्यांना गरमीत आणि ताणात श्वास पुरत नाही, बऱ्याच एअरलाइन्स त्यांना पोटात घेतच नाहीत, आणि जी घेते तिचा शोध लावणं हा आनंदाचा भाग नाहीये. ८ किलोच्या आत असेल तर केबिन. नसेल तर आधी व्हेटकडून छाती आणि श्वासनलिका नीट तपासून घ्या, थंडीतलं रात्रीचं थेट विमान बघा, आणि व्हेट नको म्हणाले तर ऐका.

क्रेटचं माप असं घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा, ती क्रेटची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट, ती क्रेटची रुंदी. उभं असताना डोक्याचा किंवा कानाचा जो वरचा टोक असेल ती उंची अधिक खालचं अंथरूण. चपट्या नाकाचा असेल तर सगळं १० टक्के मोठं. आतलं माप मोजा, बाहेरचं नाही. दार लोखंडी, दोन भाग जोडायला प्लास्टिकच्या क्लिपा नाही तर नट-बोल्ट, चाकं काढलेली, चारही बाजूंनी हवा, पाण्याची वाटी दार न उघडता भरता येईल अशी. सुताराकडून करून घेत असाल तर प्लायच वापरा, कच्च्या लाकडाच्या पट्ट्या लावल्या तर त्यावर हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो.

क्रेट दोन महिने आधी हॉलमध्ये आणून ठेवा. जेवण त्यातच, मग दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्र, मग गाडीत टाकून कात्रज घाटातून एक चक्कर. आदल्या आठवड्यात क्रेट आणणाऱ्यांचे कुत्रे विमानात दात आणि पंजे फोडून घेतात, मी स्वतः एका मित्राचा असा बघितलाय. दिवाळीच्या फटाक्यांच्या लगेच नंतरची तारीख घेऊ नका, तो आधीच घाबरलेला असतो.

गुंगीचं औषध देऊ नका. अजिबात नाही, अर्धी गोळी पण नाही. त्याने रक्तदाब पडतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो, आणि तिथे वर बघायला कुणी नसतं. आयाटा, म्हणजे एअरलाइन्सची जागतिक संघटना, पण नको म्हणते आणि गुंगीत दिसला तर एअरलाइन घेत नाही.

निघायच्या दिवशी हलकं जेवण विमानाच्या पाच-सहा तास आधी, पाणी शेवटपर्यंत. दारावरच्या वाटीत बर्फ जमवून न्या म्हणजे क्रेट उचलताना सांडत नाही, हळूहळू वितळत राहतं. तुमचा एक न धुतलेला टीशर्ट आत ठेवा. पुण्यातून निघताना बोरघाटात अडकण्याचे दोन तास जास्तीचे धरा आणि टर्मिनलला जायच्या आधी शेवटचं मोकळ्या जागेत नीट चालवून घ्या, आत गेल्यावर जागा मिळत नाही. क्रेटवर नाव, फोन नंबर, आणि कुत्र्याचं हाक मारायचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, लोडर त्या नावाने बोलतात.

उतरल्यावर युरोपात कुत्रा घेऊन लाल चॅनलला जायचं, हिरव्याला नाही, आधी चिप स्कॅन करतात, मग कागद बघतात. चिपचा नंबर फोनमध्ये पण ठेवा आणि सगळ्या कागदांवर १५ आकडे सारखे आहेत का ते पुण्यातच दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि एकाने बघून, तपासा.