मन खचू लागते तेव्हा हातांना कोणते काम द्यावे

नैराश्याशी झुंजणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘मन दुसरीकडे वळव’. मन कुठे वळवावे, कशाने आणि किती वेळ, हे मात्र सांगणारा सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याला एवढेही जमत नाही. मन गुंतवणे हे शिकून करण्याचे काम आहे. ते औषधांच्या किंवा समुपदेशनाच्या जागी करायचे नसून त्यांच्या जोडीने करायचे आहे, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

पहिली पायरी सोपी आहे. आपल्याला हमखास ढवळून काढणारे प्रसंग, म्हणजेच ट्रिगर, एका कागदावर लिहावेत: रविवारची संध्याकाळ, एखादी पुण्यतिथी, ठरावीक नातेवाइकाचा फोन. चार-पाच पुरेत.

दुसरी पायरी म्हणजे कामाची निवड. बहुतेकांचे प्रयत्न येथेच फसतात, आणि मलाही हीच पायरी दीर्घकाळ जड गेली. नुसते ‘तो विचार करायचा नाही’ असे ठरवून भागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तेव्हा ते अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिले. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून असे दिसले की उदास असताना ‘माझेच असे का’ हे घोळवत राहिल्याने उदासी लांबते, आणि लक्ष खऱ्या अर्थाने गुंतवणाऱ्या कामाने ती काही काळ उतरते. घोळवण्यासाठीही मनाला मोकळी जागा लागते, आणि एका वेळी मनात मावते ते थोडेच. म्हणून माझी कसोटी एकच आहे: हे काम करताना त्या दुखऱ्या विचाराला जागा उरते का?

या कसोटीवर अनेक लोकप्रिय सल्ले टिकत नाहीत. भांडी घासणे आणि इस्त्री करणे ही कामे चांगली आहेत, परंतु त्यांत हात चालत राहतात आणि डोके रिकामे राहते. याउलट कागदावर ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी काढायला घ्यावी: ठिपके मोजावे लागतात, रेघ चुकली की आकृती बिघडते, आणि अर्ध्या तासात काहीतरी पुरे झालेले डोळ्यांसमोर असते. क्रोशाचे खांब मोजत विणणे, शब्दकोडे सोडवणे, कधीही न केलेला पदार्थ प्रमाण मोजून करणे ही सगळी त्याच जातीची कामे आहेत.

काम निवडताना पाहायची दुसरी गोष्ट अंगातल्या बळाची. नैराश्यात साधी आंघोळही डोंगराएवढी वाटते, आणि अशा दिवशी ‘पळायला जा’ हा सल्ला निर्दय ठरतो. म्हणून प्रत्येक ट्रिगरपुढे तीन कामे लिहावीत. पडल्या पडल्या होणारे: २९ चा पाढा उलटा म्हणणे, २९०, २६१, २३२ असे. बसून होणारे: वर सांगितलेल्यांपैकी एखादे. उठून होणारे: बाहेर पडून दुकानांच्या पाट्यांवर क, च, ट, त, प ही अक्षरे क्रमाने शोधत चालणे. नुसते चालताना विचारही सोबत चालतात, म्हणून त्या चालण्याला असा काही नियम हवाच.

काही गोष्टी यादीत मुळीच घालू नयेत. मोबाइलवर सरकत राहणाऱ्या चित्रफितींना शेवट नसतो, आणि आपल्याला बोचणारा फोटो त्यांत केव्हा समोर येईल याचा नेम नसतो. विरहाची गाणी घोळवण्यालाच साथ देतात. दारूने नैराश्य वाढते, आणि उपचारांच्या गोळ्यांबरोबर ती धोकादायक ठरू शकते. ध्यानाबद्दल मला आदर आहे, तरी मन उसळलेले असताना डोळे मिटून एकट्याने बसण्याचा आग्रह कोणी धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी पायरी: निवडलेल्या कामांचे साहित्य एका डब्यात भरून हाताशी ठेवावे.

प्रसंग आलाच तर आधी एका वाक्यात त्याचे नाव घ्यावे: ‘फोन आला, मला अपमान वाटला, छाती धडधडते आहे.’ लगेच डबा उघडावा आणि इच्छा होण्याची वाट पाहू नये. नैराश्यात इच्छा आधी येत नाही. काम सुरू झाल्यावर, आलीच तर, ती मागाहून येते. नैराश्यावरील एक मान्यताप्राप्त उपचारपद्धती याच क्रमावर उभी आहे. अर्ध्या तासाचा गजर लावावा, आणि तो वाजल्यावर त्या प्रसंगाबाबत आज काही करण्याजोगे आहे का, हे दोन ओळींत लिहावे. हे लिहिणे टाळू नये. ते टाळले, की मन गुंतवण्याचे रूपांतर पळण्यात होते, न उघडलेली पत्रे आणि न केलेले फोन साचत जातात, आणि त्यांतूनच नवे ट्रिगर तयार होतात.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ दररोज टिकले, तर हे कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे; त्यांना त्यांतून बरेच कळते. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र यादी बाजूला ठेवून जवळच्या माणसाला त्याच क्षणी सांगावे आणि १४४१६ हा क्रमांक लावावा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा असून ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. घरच्यांनी अशा वेळी उपदेश न करता शेजारी बसावे, धोक्याच्या वस्तू त्या माणसाच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे, आणि डॉक्टरांपर्यंत स्वतः सोबत जावे.