हायड्रोजनची रेषा रोज जागा का बदलत होती

202 नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन फोटॉन (प्रकाशकण) एकदम शोषायला लावून मी झोतातून येणाऱ्या हायड्रोजन रेणूची वर्णपटरेषा, म्हणजे तो नेमक्या कोणत्या वारंवारतेला प्रकाश शोषतो ते, मोजत होते. रेणूच्या वेगामुळे त्याला प्रकाशाची वारंवारता बदललेली भासते, हा डॉप्लर परिणाम. समोरासमोरून येणारे दोन किरण असले की त्यांचे डॉप्लर परिणाम एकमेकांना खोडतात, म्हणून मी निर्धास्त. तरीही रेषेचा मध्य रोज दहा-बारा मेगाहर्ट्झ इकडेतिकडे.

पहिला संशय लेझरच्या तीव्रतेवर. वेगवेगळ्या तीव्रतेला मोजून आलेखावर शून्य तीव्रतेपर्यंत रेघ ओढली, सरकणं उरलंच. मग हायड्रोजनमध्ये क्रिप्टॉन मिसळला. जड वायूमुळे रेणूंचा झोत मंदावतो. आणि रेषा सरकली! म्हणजे दोष वेगाशी जोडलेला, डॉप्लरच.

हायड्रोजन इतका हलका की झोतात सेकंदाला जवळपास 3 किलोमीटर धावतो. दोन किरणांत 1 मिलिरेडियनचा (अंशाच्या सतराव्या भागाएवढा) तिरकेपणा राहिला तरी सुमारे 14 मेगाहर्ट्झची चूक होते. मी आरसे डोळ्याच्या अंदाजाने जुळवत होते, तिथेच घात झाला.

उपाय सॅन्याक व्यतिकरणमापीचा, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर टाकून त्यांच्यातला फरक दाखवणाऱ्या मांडणीचा. एकाच किरणाचे दोन भाग करून ते एकाच वाटेने उलटसुलट फिरवायचे आणि परत एकत्र आणायचे. दोन्ही तंतोतंत जुळले की बाहेरच्या वाटेवर ते एकमेकांना पुसून टाकतात. बाहेर पडणाऱ्या किरणासमोर पांढरा कागद धरला, अतिनील प्रकाशात तो निळसर चमकतो. त्यावर आधी बारीक पट्टे दिसले. आरशाचा स्क्रू केसभर फिरवत गेले तसे पट्टे रुंदावले, आणि शेवटी सगळा डाग काळा पडला. तो काळा डाग पाहून झालेला आनंद अजून आठवतो.

आता शुद्ध हायड्रोजन आणि क्रिप्टॉनचं मिश्रण, दोन्हींत रेषा एकाच जागी येते. तरी रोज मोजणीआधी तो कागद धरतेच.